पुतळ्याची खोली

मैदानावर बायकांसाठी एक खोली होती आणि त्या खोलीत एक बाईच राहत होती, त्यामुळे क्रीडा मंडळाला बोल लावायला कुणाला जागा नव्हती. बाई फायबर आणि सिमेंटची होती, एवढंच. उंची साडेसहा फूट, वजन दोनशे दहा किलो, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं कापड आणि कमरेला सुतळी. आत आरसा होता, बाक होतं, नळ होता, संडास होता, दाराला आतून कडी होती. यातल्या एकाही गोष्टीचा तिला उपयोग नव्हता. पण मान मोठ्यांचा असतो, आणि मैदानावर सगळ्यात मोठी बाई तीच होती.

दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर आत्या बसायची. कोणाची आत्या, हे आता कुणाला आठवत नव्हतं. अख्ख्या मैदानाची म्हणा. नेमणुकीच्या कागदावर तिचा हुद्दा ‘महिला कक्ष सेविका’ असा होता. गेले आठ महिने ती सेवा म्हणजे येईल त्या बाईला खोली बंद असल्याचं सांगणं. किल्ली तिच्याच कमरेला होती. समोरची पाटीही ती रोज ओल्या फडक्याने पुसायची: ‘फक्त महिलांसाठी. पुरुषांस प्रवेश नाही.’ बायकांनाही नाही, हे पाटीवर लिहायचं राहून गेलं होतं.

झालं होतं ते असं. महिलांना आणि मुलींना खेळाकडे वळवायचंच, असं मंडळाने एकदा मनावर घेतलं. त्यासाठी अकरा जणांची समिती नेमली. अकराही पुरुष. एक बाई घ्यायची असं ठरलं होतं, पण समितीची वेळ तिला जमेना आणि तिची वेळ समितीला जमेना, मग महिलांच्या हितासाठी तिला वगळण्यात आलं. समितीने पहिल्याच बैठकीत कामाला हात घातला आणि ठराव केला की मैदानाच्या फाटकापाशी धावणाऱ्या स्त्रीचा पुतळा उभारावा. तो बघून मुली धावत येतील, अशी कल्पना. पुतळ्याचं काम अध्यक्षांच्या साडूला मिळालं. साडू बागेतले सिंह आणि कारंजी बनवायचे, त्यामुळे कलेची जाण घरातच होती. चौथरा बांधून झाला, पुतळा आठ माणसांनी घाम गाळत उतरवला, फक्त प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना. आणि पाहुण्यांच्या आधी पुतळा कुणी पाहायचा नाही, असा अध्यक्षांचा हुकूम होता. अनावरण ते अनावरण!

मग प्रश्न पडला, इतके दिवस ठेवायचा कुठे? जागा कोरडी हवी, खिडक्या उंचावर हव्यात, कुणी डोकावता कामा नये, दाराला कुलूप हवं. बाईमाणसाची लाज राखायला काय काय लागतं, याची यादी समितीने बिनचूक केली. सगळ्या मैदानावर अशी एकच खोली होती.

राहिल्या हाडामासाच्या मुली. त्या पाच होत्या. दोघी वजन उचलायच्या, एक थाळी फेकायची, एक भाला, आणि पाचवी गोळा. त्या पाचही जणी गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी कपडे बदलायच्या आणि आत्या घरून आणलेली फुलाफुलांची चादर दोन्ही हातांनी ताणून उभी राहायची. एकेकीला पाच मिनिटं धरली तरी पंचवीस, सरावानंतर पुन्हा पंचवीस. आत्याची पन्नाशी उलटलेली. घरी गेल्यावर तिला वरच्या फळीवरचा डबा काढता यायचा नाही. पुतळ्याला कडी-कुलूप आणि पोरींना चादर, असं महिलांचं प्रोत्साहन जोरात चाललं होतं. संडासाला जायचं तर पोरी रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात जायच्या. तिथली परिचारिका त्यांना आता चेहऱ्याने ओळखायची आणि ‘आज काय दुखतंय’ असं विचारायची.

आत्याच्या हातात एक वही दिलेली होती. खोली वापरणाऱ्या प्रत्येक बाईने त्यात सही करायची. सही कोण करणार? मग रोज संध्याकाळी तारीख टाकून त्यापुढे ‘निरंक’ लिहायचं, असं कारकुनाने तिला शिकवलं. आत्याचं अक्षर चांगलं होतं. ती मन लावून निरंक लिहायची.

गोळाफेकीची पोर म्हणजे चिमणी. वय वर्षं सोळा, खांदे दाराएवढे. जन्मली तेव्हा तळहातावर मावत होती म्हणून आजोबांनी चिमणी नाव ठेवलं, आणि ते बदलायची सवड पुढे तिने कुणाला दिली नाही. सरावात गोळा तेरा मीटरच्या पुढे टाकायची. रविवारी निवड चाचणी होती. त्यात नंबर लागला की राहणं, खाणं, शिक्षण, सगळं सरकारी क्रीडा शाळेत. चिमणीची आई इस्त्रीचं दुकान चालवायची. पोरीने आपल्यासारखं दिवसभर टेबलापाशी उभं राहू नये, एवढं तिला कळत होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात, मंगळवारी, वारा सुटला. चादरीमागे चिमणी होती आणि आत्याच्या हातातून एक टोक निसटलं. दोनच क्षण. पण समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी उभं होतं आणि त्याच्या हातातला फोन वर होता. फोटो काढला की नाही, कुणास ठाऊक. चिमणीने त्या दिवशी गोळा टाकला तो नऊ मीटरच गेला.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. भांडायला आली असती तर आत्याला बरं वाटलं असतं. ती बाई शांतपणे समोर उभी राहिली. बोटं भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेली होती.

“आत्या, तुमच्यावर राग नाही. तुम्ही तुमच्या हातांनी केलं तेवढं कुणी केलं नाही. पण उद्यापासून ती येणार नाही.”

“अहो ताई, रविवारी चाचणी आहे.”

“माहितेय. रात्रभर रडली. मी पण काही झोपले नाही. पण त्या फोनात काय आहे ते मला माहीत नाही, आणि उद्या दुसरा फोन असेल.” ती बंद दाराकडे बघत म्हणाली, “ही खोली उघडा. दाराला आतून कडी लागते का, ते मी माझ्या हाताने लावून बघेन. लागली तर येईल. नाहीतर गोळा परत करायला पाठवते तिला.”

आत्या तडक अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या चर्चासत्राचं भाषण लिहीत होते. विषय होता ‘महिला मैदानापासून दूर का?’

“साहेब, ती खोली उघडायला पाहिजे.”

“अनावरण झालं की लगेच.”

“कधी आहे?”

“पाहुणे कळवतीलच. अहो बाई, एवढी घाई कशाला? बायकांना तयार व्हायला वेळ लागतो, हे तर तुम्ही मान्य कराल?” आणि अध्यक्ष आपल्याच विनोदावर मनापासून हसले. “शिवाय मला सांगा, मागणी आहे कुठे? ही बघा तुमचीच वही. मी उद्याच्या भाषणात घेतलीय. आठ महिने, रोज काय लिहिलंय? निरंक. एकही बाई त्या खोलीकडे फिरकलेली नाही! एवढी सुसज्ज खोली! यालाच मी अनास्था म्हणतो.”

आत्याने वहीकडे पाहिलं. अक्षर तिचंच होतं, गोल, ठसठशीत, एक काना इकडचा तिकडे नाही. आपण इतके दिवस या पोरींच्या विरुद्ध साक्ष लिहीत बसलो होतो, रोज, पगार घेऊन, हे तिला त्या क्षणी कळलं. आपण जन्मात एवढं व्यवस्थित काम कधी केलं नव्हतं, याचीही तिला लाज वाटली. ती “बरं साहेब” म्हणाली आणि बाहेर आली. पण बरं काहीच नव्हतं.

गुरुवारी दुपारी बारा वाजता चर्चासत्र सुरू झालं. सभागृह वरच्या मजल्यावर. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, पण जनतेलाही लाभ व्हावा म्हणून कर्णे मैदानाकडे तोंड करून लावलेले. पहारेकऱ्यासकट सगळे वर चहाच्या व्यवस्थेत. मैदानावर ऊन आणि पाच पोरी. चिमणीही आली होती, मंडळाचा लोखंडी गोळा परत करायला. तिने तो कापडी पिशवीत आणला होता आणि पिशवी छातीशी धरली होती.

“ठेव तो खाली,” आत्या म्हणाली. “आधी दुसरं काहीतरी उचलायचंय.”

आणि तिने कमरेची किल्ली काढली.

कुलूप आठ महिन्यांनी उघडलं. आत पांढऱ्या कापडातली बाई भिंतीला टेकून आरामात उभी होती. पायाशी वाहतुकीची चिठ्ठी अजून चिकटलेली. चिमणीने ती वाचली.

“दोनशे दहा किलो. आपण पाच. म्हणजे प्रत्येकी बेचाळीस.” तिने बाकीच्यांकडे पाहिलं. “एवढं तर मी अंग गरम करायला उचलते.”

“मला धरून सहा,” आत्या म्हणाली. “माझेही हात काय कमी तयार झालेत?”

व्यायामाच्या गाद्या वाहायची चार चाकांची गाडी आणली. कापड चाकात अडकायला लागलं म्हणून सुतळी सोडली, आणि अशा रीतीने आत्याच्या हस्ते, पाच खेळाडूंच्या उपस्थितीत, पुतळ्याचं अनावरण पार पडलं. सगळ्या जणी बघतच राहिल्या. पायघोळ झगा, गुडघ्यापर्यंत केस, कानात डूल, आणि ती धावत होती. तोंडावर असं हसू की जणू फोटोवाल्याने थांबवून धरलंय.

चिमणीने मान तिरकी केली. “आत्या, ही पडणार.”

“का गं?”

“डावा पाय पुढे आहे. हातही डावाच पुढे आहे.”

भालावालीने तसं धावून पाहिलं. तीन पावलांत ती आपल्याच पायात अडकून बाकावर आपटली. मग प्रत्येकीने धावून पाहिलं. त्या खोलीत आठ महिन्यांत पहिल्यांदा बायका आल्या होत्या आणि त्या पोट धरधरून हसत होत्या. अकरा जणांची समिती, एक अध्यक्ष, एक साडू, सगळ्यांनी हा पुतळा मंजूर करून सह्या केल्या होत्या. त्यांनी बाई धावताना पाहिली नसावी. स्वतःही धावले नसावेत, पण ते त्यांच्याकडे बघून कळतंच.

बाहेर कर्णा बोलत होता. कोणी एक तज्ज्ञ सांगत होते की स्त्रीचे खांदे मुळातच नाजूक असल्याने तिला हलक्याफुलक्या खेळांपासून सुरुवात करून द्यावी. त्याच वेळी चिमणी खाली बसली, पुतळ्याच्या बैठकीखाली हात घातले आणि म्हणाली, “पाठ सरळ. पायांतून उचला. हाप्प!”

पुतळा गाडीवर आला. गाडी फाटकापाशी आली. चौथरा कमरेएवढा होता, तिथे मात्र सगळ्यांचा कस लागला. आत्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि एका वजनवालीच्या तोंडून अशी शिवी गेली की ती त्या तज्ज्ञांनी ऐकली असती तर नाजूकपणाचा अख्खा मुद्दा त्यांना मागे घ्यावा लागला असता. पण बाई चढली. वरती टाळ्या झाल्या. त्या तज्ज्ञांसाठी होत्या, तरी पोरींनी त्या घेतल्या.

मग आत्याने खोली झाडली, बाक पुसलं, नळ सोडून गंजकं पाणी जाऊ दिलं आणि संडास घासला. चिमणी पिशवीतला गोळा घेऊन सराव करायला गेली.

तीन वाजता समिती खाली उतरली आणि चौथऱ्यावर आपलाच पुतळा उघडाबोडका उभा पाहून जागच्या जागी थिजली. रस्त्यावरची माणसं फोटो काढत होती. शाळेतली दोन पोरं डावा हात डावा पाय पुढे टाकत फाटकापासून कोपऱ्यापर्यंत धावून दाखवत होती. अध्यक्ष म्हणाले, कलेत असं असतं. मग त्यांनी चौकशी लावली.

आत्याला पहिली बोलावली.

“कोणी केलं हे?”

“मी आणि पाच पोरींनी, साहेब.”

“बाई, ही थट्टेची वेळ नाही.”

“थट्टा नाही. खोली हवी होती म्हणून बाहेर काढला. चौथरा रिकामाच होता, तिथे ठेवला.”

समितीने एकमेकांकडे पाहिलं. पुतळा उतरवताना स्वतः हजर असलेले एक सभासद म्हणाले, “आठ माणसं लागली होती. आठ! त्यातल्या एकाची कंबर अजून धरलेली आहे.”

“मग त्याला सरावाला पाठवा,” आत्या म्हणाली. “पोरी शिकवतील.”

पाचही पोरींना बोलावलं. पाचही जणी खरं बोलल्या. चिमणीने तर समोरचं लाकडी कपाट उचलून दाखवू का, असं विचारलं. अध्यक्षांनी तिला वडीलकीच्या नात्याने समजावलं की कुणाला पाठीशी घालण्यासाठी खोटं बोलू नये, आणि मुलीच्या जातीने तर मुळीच नाही. अहवाल त्याच संध्याकाळी लिहून झाला: सदर कृत्य आठ ते दहा अज्ञात धडधाकट पुरुषांनी केलेले असून महिला कर्मचारी व खेळाडू त्यांच्या दहशतीखाली आहेत. कुणाला शिक्षा नाही, कुणाची नोकरी गेली नाही. आत्याला तर अध्यक्षांनी घाबरू नका म्हणून धीर दिला.

बाहेर आल्यावर चिमणीचे डोळे भरून आले. फोनवाल्यापुढे न रडलेली पोर इथे रडली.

“आम्ही उचलला, आत्या. आमच्या हातांनी. आणि हे म्हणतात पुरुषांनी.”

आत्यालाही तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसल्यासारखं झालं होतं. खरं सांगून सुटका होते हे ती ऐकून होती; खरं कुणी मानत नाही म्हणून सुटका होते, हे नवीन होतं. तिने चिमणीचं नाक आपल्या रुमालाने पुसलं.

“रविवारी समिती मोजणार नाहीये. टेप मोजणार आहे. टेपला काय कळतं, कुणी फेकला ते? जेवढं पडेल तेवढं दाखवतो बिचारा. तिथे फेक.”

शुक्रवारी खोली उघडी होती. चिमणीला मात्र आईने घरी ठेवलं होतं; आधी कडी, मग मैदान. आणि त्याच संध्याकाळी समितीचा नवा ठराव आला. पुतळा अनावरणापूर्वीच दिसल्याने पाहुण्यांचा अवमान झाला आहे. सबब तो पुन्हा झाकून महिला कक्षात ठेवावा, कक्षाला दोन कुलुपं लावावीत, आणि साडूंनी दरम्यान हाताचं काय ते बघावं. त्यासाठी शनिवारी सकाळी दहा वाजता आठ माणसं येतील.

आत्याने ठराव दोनदा वाचला. मग ती इस्त्रीच्या दुकानात जाऊन आली.

शनिवारी दहाच्या ठोक्याला अध्यक्ष आठ माणसं घेऊन खोलीपाशी आले. आत्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर वही, अध्यक्षांच्या भाषणावरून आदल्या संध्याकाळी परत आलेली.

“चला, उघडा.”

“उघडीच आहे साहेब. आतून कडी आहे.”

“आतून? कोण आहे आत?”

आतून इस्त्रीवाल्या बाईचा आवाज आला. गिऱ्हाइकाला रांगेत उभं करायची सवय असलेला, खणखणीत.

“आत बायका आहेत!”

आठ माणसं दोन पावलं मागे सरली. त्यातल्या एकाने पाटी वाचून दाखवली: पुरुषांस प्रवेश नाही. मंडळानेच रंगवलेली, मोठ्या अक्षरांत. आठ महिने लटकून होती, आज पहिल्यांदा कामाला आली.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “किती जणी आहेत?”

आत्याने वही उघडली. शेवटच्या ‘निरंक’खाली सह्यांची रांग लागली होती. पाच पोरींच्या. त्यांच्या बहिणींच्या. दवाखान्यातल्या परिचारिकेची. आणि सगळ्यात वर, आज सकाळी सात वाजता, चिमणीच्या आईची, पेन दाबून दाबून काढलेली.

“सध्या चौदा. एक गेली की एक येतेय. आज मागणी जरा जास्तच आहे.”

“पण किती वेळ?”

“आता काय सांगू साहेब,” आत्या म्हणाली आणि पदराने नाही तर त्या फुलाफुलांच्या चादरीच्या टोकाने कपाळ पुसलं. चादर घडी करून तिच्या खुर्चीखाली पडली होती, आता तिला दुसरं काम नव्हतं. “बायकांना तयार व्हायला वेळ लागतो.”

आठ माणसं गवतावर बसली. अध्यक्ष उन्हात उभे राहिले. मैदानाच्या त्या टोकाला लोखंडी गोळा धप्पकन जमिनीत रुतल्याचा आवाज आला आणि कुणीतरी आकडा ओरडलं, तो तेराच्या पुढचा होता. आत कडी निघाल्याचा आवाज झाला, आणि लगेच पुन्हा लागल्याचा. चिमणीची आई ती नीट लागते का, हे अजून बघत होती.